निम्मं होईस्तोवर

“थोरलीत थुकू नगंस रे लेकरा, धाकटीच्या तोंडात जातंय.”

आईचा हा आवाज उत्तरेश्वरनं ऐकला त्याला साठ वर्षं होऊन गेली असतील. विहिरीच्या काठावर पालथं पडून, हनुवटी दगडाला टेकवून, खाली पाण्यात दिसणाऱ्या स्वतःच्याच डोक्यावर नेम धरून तो थुंकत होता, आणि पाठीमागून तो आवाज आला. डोक्यावर भरली घागर असली की बाई मान न हलवता बोलते, तसा सरळ. त्यात राग नव्हता. शेजारणीच्या अंगणात केर लोटू नये एवढ्या साधेपणानं आई ते म्हणाली आणि निघून गेली. पुढं आई गेली, घागर गेली, विहिरीचा तो गुळगुळीत दगडही कुणी उचलून नेला. आवाज तेवढा मुरून राहिला, आणि आज बीडला, बार्शी रोडवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला तो पुन्हा कानाशी आला. दारात समोरच्या घरातली पोर उभी होती. नवी बाळंतीण. कानाला बांधलेला रुमाल, खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ, एका हातात रिकामा तांब्या. “आजोबा, तुमच्या फिल्टरचं पाणी देता का? आमचा बंद पडलाय. बाळाचं पावडरचं दूध कालवायचंय. बोअरचं उकळून घेणार होते, पण म्हटलं—”

“उकळू नको!”

हे आपणच ओरडलो, हे उत्तरेश्वरला जरा उशिरानं कळलं. पोर एक पाऊल मागं सरली होती, बाळ दचकून रडायला लागलं होतं, आणि आतून सून पदराला हात पुसत धावत आली होती. “अगं, बाबांचं हल्ली असंच होतं, तू मनावर घेऊ नको,” असं म्हणत सुनेनं तांब्या भरून दिला, बाळाच्या गालाला बोट लावलं, दार लावलं. मग ती वळून काही विचारील म्हणून तो उभा राहिला. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तेव्हाच सगळं बाहेर आलं असतं, असं त्याला गॅलरीतल्या खुर्चीत बसल्यावर वाटलं; आणि लगेच हेही वाटलं, की नसतंच आलं. नऊ वर्षं लोकांनी काही कमी वेळा विचारलं नव्हतं. बायको होती तोवर तीही विचारायची, “जेवताना तांब्याकडं काय बघत बसता हो?” तो म्हणायचा, काही नाही. ती गेली. आता या घरात त्याच्याशी बोलणारं म्हणजे सकाळी मुलगा, रामकिसन, “बाबा, गोळी घेतली का,” आणि रात्री सून, “बाबा, ताट वाढलंय.” दोघंही चांगली होती. या दोन वाक्यांच्या मधला अख्खा दिवस तो गॅलरीत बसून काढायचा, आणि खालून पाण्याच्या जारचा टेम्पो भोंगा वाजवत गेला की उगाच उठून उभा राहायचा.

थोरली आणि धाकटी या खुंटेवाडीच्या दोन विहिरी. कडा या बाजारगावाहून सात-आठ मैलांवरचं, डोंगराच्या उतरणीवर टाकल्यासारखं ते गाव. वरच्या अंगाला थोरली, खाली वस्तीवर धाकटी, मधे दीड-दोनशे पावलांचा खडक. बायका म्हणत, या दोघी बहिणी, एकाच घरी दिलेल्या. दिवसभर बोलायला सवड नाही म्हणून खडकाच्या आडून निरोप धाडतात. गावात नवी नवरी आली की तिच्या हातानं थोरलीत हळद सोडायची, आणि सगळ्या जणी नवरीला घेऊन उतरणीनं खाली धाकटीवर जाऊन बसायच्या. तासाभरानं, कधी दोन तासांनी, धाकटीच्या झऱ्याच्या तोंडाशी पिवळी रेघ उमटायची. मग एकच गलका. थोरलीनं धाकटीला कळवलं, सून आली! त्याची आई त्या बायकांमधली म्होरकी. तिचा गळा जात्यावर घासून निघालेला.

थोरलीच्या पाण्यामंदी हळदीचा हात धुते,
धाकटीच्या झऱ्यावर पिवळं ऊन उगवते.

उत्तरेश्वरनं ती रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. एकदा नव्हे, सात-आठ वेळा. शेवटची त्याच्या स्वतःच्या लग्नात. पुढं नळ आले, नळ कोरडे पडले, टँकर आले, विहिरी वर्षातले आठ महिने आटायला लागल्या. कोरड्या विहिरीत हळद कोण सोडतंय? ज्या बायका धाकटीच्या काठावर बसून वाट बघत त्या एकेक करून गेल्या, आणि थोरली-धाकटी ही दोन नावं तेवढी मागं राहिली. त्यांचा अर्थ विचारणारं कुणी उरलं नाही. अर्थ ठाऊक असलेला एक उरला होता. तो गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होता.

छावणीच्या साली सुरुवात झाली. त्या दुष्काळात सुंदररावांनी गावच्या माळावर जनावरांची छावणी उभी केली. दीडशे एकर जमीन, संस्थेचं चेअरमनपद, तालुक्याला वजन. माणूस कर्ता होता, यात शंका नाही. आजूबाजूच्या अकरा वाड्यांची जनावरं तिथं आली आणि जगली. पाऊस पडल्यावर छावणी मोडायची वेळ आली तेव्हा सुंदरराव म्हणाले, मोडता कशाला, गुरं एका दावणीला आली हीच तर सहकाराची खरी खूण. घरटी एक-दोन गायी हिंडवण्यापेक्षा संस्थेचाच एक गोठा करू. आणि तो झाला. पत्र्याचे लांबच लांब पाच गाळे, खाली सिमेंट, तीनशे बारा गायी, सगळ्या संकरित. पांढऱ्याकाळ्या ठिपक्यांच्या त्या मोठ्या गायी ऊन सोसत नसत, म्हणून त्यांच्यावर दिवसातून तीन वेळा पाणी मारायचं. त्यांना हिरवा चारा लागे, म्हणून सातशे फूट खालचं पाणी उपसून मका आणि गवत वाढवायचं. भोवतालचा माळ करपून विटेसारखा आणि मधे तेवढंच हिरवं चौकोनी ठिगळ. माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळत, गोठ्याची मोटार मात्र चालू असे. याला कुणी वाईट म्हटलं नाही, कारण दर दहा दिवसांनी दुधाचा पगार घरात येत होता. वाईट म्हणायचं ते माशांना. भाकरी उघडली की भाकरी काळी होई. संध्याकाळी वारा पडला की गोठ्याचा वास उतरणीनं खाली सरकायचा, डोळे चुरचुरायचे, आणि वस्तीवरची पोरं गोष्ट ऐकताना नाकाला सदरा लावून बसायची.

आणि शेण. उत्तरेश्वरच्या लहानपणी शेण म्हणजे लक्ष्मी होती. गाईच्या मागं पाटी घेऊन हिंडणारी आई ‘पो पडला का रे’ असं एखादं फळ पडल्यासारखं विचारायची. भिंतीला शेण, चुलीला शेण, उकिरड्यातून शेताला शेण. एका गाईचं शेण घराला पुरत नसे. आता तीनशे गायींचं शेण गावाला नकोसं झालं होतं. ते धुण्याच्या पाण्यात कालवून पातळ झालेलं, त्याची गोवरी होत नव्हती, गाडीत ते थांबत नव्हतं, शेतावर न्यायचं तर ट्रॅक्टरचं डिझेल त्याच्याहून महाग. गोठ्यामागच्या खड्ड्यातून ते उतू जाऊन शाळेच्या रस्त्यावर आलं. जिल्ह्याहून तपासणी येणार असं कळलं, तेव्हा घाईनं सभा बोलावली. सभा गोठ्यातच, चाऱ्याच्या गंजीच्या सावलीत. उत्तरेश्वर रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता.

“थोरली इहीर कोरडी ठाक पडलीय तीन सालापासून,” सुंदरराव म्हणाले. “फुकटचा खड्डा हाय. सोडून द्या तिच्यात समदं.”

“मालक, थोरलीचं पोट लई मोठं हाय,” गोठ्यावरचा शहादेव म्हणाला. “तीनशे गायीचं खाऊन ढेकर सुदिक द्यायची न्हाई.”

लोक हसले. कोपऱ्यातून म्हातारा तात्याबा पुटपुटला, “आरं पर इहिरीत आसरा ऱ्हातेत. साती बहिणी. त्यांच्या घरात घाण—”

“आसरा कवाच पुण्याला गेल्या, तात्याबा! पाणीच न्हाई तर हितं काय माशा मारत बसतील?”

मग जे हसू झालं त्यात तात्याबासुद्धा बोळकं उघडून सामील झाला. उत्तरेश्वरच्या हातातला पेन थांबला होता. तोंड उघडायला एक क्षण होता, आणि तो क्षण किती लांब होता हे त्याला अजून आठवतं: एका गाईनं मान वळवून शेजारणीचं पाणी हुंगलं, पत्र्यावर एक कावळा उतरला आणि पुन्हा उडाला, एवढा. काय म्हणायचं होतं? आमची आई म्हणायची? लग्नातल्या बायका हळद सोडायच्या? धोतर सोडून पँट घालायला लागलेल्या, बारावीपर्यंत शिकलेल्या सेक्रेटरीनं भरसभेत बायकांच्या ओव्या सांगायच्या? त्यांनी आपल्यालाही तसंच हसावं? शिवाय विहिरी मेल्याच आहेत, त्यानं स्वतःला सांगितलं. मेलेल्या बहिणी कसले निरोप धाडतात. आणि त्यानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

तेरा महिने थोरलीत शेणपाणी जात राहिलं. मग त्या भादव्यात पाऊस आला तो असा, की चार वर्षांची थकबाकी एका पंधरवड्यात फेडून गेला. खडकाखडकातून पाणी फुटलं आणि धाकटी काठोकाठ भरली. वस्तीवरच्या बायकांनी तिची ओटी भरली, नारळ फोडला. पाणी कसं, तर काचेसारखं. तळचा दगड मोजून घ्यावा. खडकानं सगळं गाळून घेतलं होतं. रंग ठेवून घेतला, वास ठेवून घेतला, आणि जे डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही, तेवढं पुढं जाऊ दिलं होतं. उत्तरेश्वरनं त्या दिवशी ओंजळभर पाणी उचललं. प्याला. गोड लागलं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे सुटण्यासारखं काहीतरी आहे हे त्याच्या मनाला ठाऊक होतंच.

त्याच महिन्यात धाकटीच्या काठावरच्या घरात गीताला मुलगी होऊन महिना होत आला होता. गीता ही त्याच्या मेलेल्या भावाची, आसारामची सून, धर्मराजची बायको. काळीसावळी, बोलायला चुणचुणीत, उसाच्या फडात नवऱ्याच्या बरोबरीनं कोयता चालवणारी. तिच्या थानाला गळू झालं, ताप भरला, दूध गेलं. भावजय वत्सलाबाई सांगत आली तेव्हा उत्तरेश्वरला मोठं बरं वाटलं, की आपल्या हातून काहीतरी होण्यासारखं आहे. गावातून रोज दोन हजार लिटर दूध टँकरनं जात होतं आणि गावातल्या एका लेकराला वाटीभर मिळत नव्हतं, कारण गोठ्याचं दूध थेट मोजमापात जायचं. पण त्यानं कड्याहून लहान लेकराच्या दूधपावडरचे दोन डबे आणले, स्वतः नेऊन दिले. डब्याचं झाकण उघडून त्यानं चमचा कसा सपाट करायचा ते गीताला दाखवलं. आणि मग तो ते म्हणाला. काय गरज होती? डब्यावर सगळं लिहिलेलं होतं. पण मोठेपणा अंगात आला की माणूस एक वाक्य जास्तच बोलतो. “पाणी चांगलं उकळून घे बरं, पोरी. नुसती उकळी न्हाई. काढ्यावानी निम्मं होईस्तोवर उकळ. जंतूचं नाव ऱ्हायला नगं.”

“व्हय, थोरले मामा,” ती म्हणाली.

तिनं तसंच केलं. ती ऐकणारी होती. दिवसातून सात वेळा धाकटीचं पाणी ती पातेल्यात निम्मं होईपर्यंत उकळत असे, सरपण जास्त जळतं म्हणून वत्सलाबाई कुरकुरली तरी. अठरा दिवस. मग मुलीचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसायला लागले. गीताला वाटलं थंडी लागली. तिनं तिला गोधडीत गुंडाळलं, उन्हात घेऊन बसली. नखं निळी पडली. जीपमधून कड्याला नेईपर्यंत श्वास लहान लहान होत गेला आणि दवाखान्याच्या पायरीवर संपला. डॉक्टरांनी लेकराचा तो पाटीसारखा रंग पाहिला आणि विचारलं, “काय पाजलं होतं?”

विचारायची ती रीतच. पण जीपबरोबर गेलेल्या चार माणसांनी तो प्रश्न गावात आणला, आणि गावात तो एका तोंडातून दुसऱ्यात जाताना त्यातला प्रश्न गळून पडला. काय पाजलं होतं, याचं तिनं काय तरी पाजलं झालं. निळं पडलं म्हणजे विषच. पोरगी होती. पंधरा दिवसांवर कोयत्याला जायचं होतं. फडावर लेकराचं लोढणं कोण घेतंय. कुणी मोठ्यानं बोललं नाही, कुणी पोलिसात गेलं नाही. फक्त धाकटीवर गीता आली की बाकीच्या बायका घागरी उचलून चालू लागायच्या. धर्मराज तिच्या हातचं जेवेना. महिनाभरात वत्सलाबाईनं तिचं गाठोडं बांधलं. टेम्पोत चढताना गीता थांबली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडं वळली. “थोरले मामा, तुमी सांगा की आत्याबाईला. डबा तुमीच दिला व्हता. तुमी म्हणलं तसंच केलं ना म्या?”

“सांगतो,” तो म्हणाला.

सांगणारच होता. त्यानं काळवेळ पाहिली. वत्सलाबाईचा शोक ओसरू दे, धर्मराज फडावरून येऊ दे. तेवढ्यात पौषात कागद आला. दुधाचे कॅन धाकटीच्या पाण्यानं विसळत म्हणून त्या पाण्याचा नमुना कधीतरी तपासायला गेला होता. कागदावर एका ओळीखाली लाल रेघ होती: नायट्रेट, पंचेचाळीसच्या आत असावं, ते तीनशे साठ. तो शब्द त्यानं पहिल्यांदाच वाचला. त्यानं संस्थेच्या फोनवरून प्रयोगशाळेत विचारलं, आणि पलीकडच्या तरुण आवाजानं धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. शेणामुताचं मुरतं, काका. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. पण तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू धरत नाही, बाळ निळं पडतं. जवळपास मोठा गोठा आहे का? उत्तरेश्वरनं एकच विचारलं, “उकळल्यावर जातं ना?” तो मुलगा म्हणाला, “नाही हो. उलट वाढतं. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. निम्मं उकळलं तर दुप्पट झालं समजा.”

फोन ठेवल्यावर किती वेळ गेला ते त्याला ठाऊक नाही. पुढचं आठवतं ते सुंदररावांचा ओसरीवरचा झोपाळा, त्याच्या कड्यांचा आवाज. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत त्याच्याच हातात दिला. “उत्तरेश्वर, हे भाईर गेलं तर गोठा बंद, संस्था बंद. तीनशे घरं. आन पोरगी तर गेलीच की. ती काय परत येतीय?” मग आवाज खाली आणून, आपलेपणानं म्हणाले, “मी धाकटीचं पाणी बंद करतो. जारचा प्लांट टाकतो वस्तीवर. बस?” प्लांट टाकला, तो शब्दाचा पक्का माणूस. धाकटीवर जाळी बसली. गोठ्यात पुढं सहाशे गायी झाल्या. नंतर कुणाचं लेकरू निळं पडलं नाही, हे खरंच होतं, आणि या खऱ्याच्या आड उत्तरेश्वर नऊ वर्षं बसून राहिला. मेलेली मुलगी परत येणार नाही हे सुंदररावांचं म्हणणं त्यानं स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं, की त्यात जिवंत गीताचा उल्लेखच नाही हे त्याच्या ध्यानात यायला, समोरच्या घरातली पोर तांब्या घेऊन दारात यावी लागली.

गॅलरीत अंधारून आलं तसा तो उठला. सकाळी सुनेला म्हणाला, “केजला जाऊन येतो. जुनं काम हाय.” रामकिसननं विचारलं, “कुणाकडं?” तो म्हणाला, “पाव्हण्याकडं.” केजपर्यंत एसटी, तिथून युसूफ वडगावपर्यंत एक जुनी जीप, माणसं कोंबलेली. तरीही एकटं वाटायचं ते वाटतच होतं. शेजारचा माणूस त्याच्या खांद्यावर डुलक्या घेत होता आणि त्याचं वजन त्याला परक्या घरातल्या उशीसारखं लागत होतं. दोन्ही बाजूंनी चैत्राचं रान, ढेकळं, बाभळी. मधेच एखादा लांब पत्र्याचा गाळा, त्याच्या पाठीशी हिरवं चौकोनी ठिगळ, आणि मग काही अंतर तो वास. वास आला की प्रवासी बोलता बोलता काच सरकवत आणि वास गेला की पुन्हा उघडत. कुणाचंही बोलणं थांबत नव्हतं. या प्रत्येक गाळ्याच्या खाली खडक असेल, खडकात वाटा असतील, वाटांच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी अंगण असेल. या वाटा माहीत असलेल्या म्हाताऱ्या कुठं असतील? त्याच्याजवळ आईच्या दीडशे तरी ओव्या होत्या. त्यानं त्या कुणालाही दिल्या नव्हत्या. मुलाला नाही, सुनेला नाही. गावंढळ वाटत होत्या.

गीताचं माहेर गावाच्या टोकाला होतं, दोन पत्र्याच्या खोल्या आणि मोठं अंगण. अंगणात तिची आई, तुळजाबाई, मांडीशी दगड घेऊन चिंचा फोडत बसली होती. लहानशा हातोडीचा ठोका, चिंचोका बाहेर, पुन्हा ठोका. गीता नुकती शाळेतून आली होती. ती शाळेत खिचडी शिजवायची, हाताला अजून धुराचा वास होता. अंगानं वाळली होती, केसांत पांढरं आलं होतं. तिनं त्याला फाटकाशी पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. हात आपोआप गेला असावा, कारण तिचा चेहरा त्यात सामील नव्हता.

“थोरले मामा? तुमी? कावून?”

“कोण हाय गं?” तुळजाबाई ओरडली.

“खुंटेवाडीचे थोरले मामा!”

“कुठल्या वाडीचे?”

“खुंटेवाडीचे, आये! खुंटेवाडीचे!” मग त्याच्याकडं वळून, “तिला ऐकू कमी येतंय.”

म्हातारीनं हातोडी खाली न ठेवता त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अस्सं. बसा की मंग. आता आमच्याकडं न्यायाजोगं काय ऱ्हायलं न्हाई, पाव्हणं. एक शेळी हाय, पर ती लई वढाळ हाय, तुमच्या दावणीला टिकायची न्हाई.”

तो बाजेवर बसला. गीतानं चहा ठेवला. चहा होईपर्यंत तिनं रीतीप्रमाणं विचारलं, पाऊसपाणी, वत्सलाबाईचे गुडघे, तात्याबा आहेत का. धर्मराजचं विचारलं नाही. त्यानं उत्तरं दिली. तात्याबा गेला, गुडघे तसेच. कपबशी हातात आल्यावर तो चहाकडं बघत, अगदी हळू म्हणाला, “गीता, त्या साली... पाणी जरा खराब व्हतं म्हणं.”

“काय?”

“धाकटीचं. पाण्यातच काय तरी व्हतं, असं... नंतर कळलं लोकांला.”

चुलीतलं लाकूड मागं ओढून तिनं विझवलं, धूर डोळ्यात गेला तरी तोंड वळवलं नाही. मग उठून त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“तीन सालामागं वैनीला लेकरू झालं,” ती म्हणाली. “म्या वाटीत दूध घेऊन चमच्यानं पाजत व्हते. आईनं वाटी माझ्या हातातून काढून घेतली. बोलली काय न्हाई. नुसती घेतली. म्या तिची लेक हाय, मामा, तिच्या पोटातनं आलेली. तिनं बी वाटी काढून घेतली.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुमी आत्ता जे म्हणलात ते मला नगं. खराब व्हतं, म्हणं, लोकांला कळलं. असलं म्या बी मनाशी लई बोललेय. तुमाला जे म्हाईत हाय ते म्हणा. आन मोठ्यानं म्हणा. तिला ऐकू येत न्हाई.”

शेजारच्या अंगणात कुणी भांडी घासत होतं. रस्त्यावरून दोन बाया जळण घेऊन चालल्या होत्या. उत्तरेश्वरनं कपबशी खाली ठेवली, ती बाजेच्या पायाला लागून खणखणली. तो उठला. उभं राहिल्याशिवाय आवाज निघणार नाही असं त्याला वाटलं.

“तुळजाबाई!”

ठोका थांबला. “आं?”

“गीतानं काय बी पाजलं न्हाई! पाणी इखारी व्हतं!”

“काय व्हतं?”

“पाणी! इहिरीचं पाणी! गोठ्याचं शेणपाणी आमी वरच्या इहिरीत सोडलं! ते खडकातनं खालच्या इहिरीत गेलं! त्या पाण्यानं लेकरू निळं पडलं!”

भांडी घासण्याचा आवाज बंद झाला. जळणवाल्या बाया भाऱ्यांसकट वळून उभ्या राहिल्या.

“आन?” गीता म्हणाली.

“ते पाणी खाली जातंय हे मला म्हाईत व्हतं! लहानपणापासनं म्हाईत व्हतं! समदे हसतील म्हणून म्या सभेत बोललो न्हाई!”

“आन?”

“निम्मं होईस्तोवर उकळ म्हणून म्याच सांगितलं तिला! तिनं ऐकलं! उकळल्यानं इख दुप्पट झालं! तिचा काय बी गुन्हा न्हाई, तुळजाबाई, तिनं माझं ऐकलं एवढाच!”

म्हातारी हातोडी मांडीवर ठेवून लेकीकडं बघत होती. तोंड अर्धवट उघडं. गीता मात्र तिच्याकडं बघत नव्हती, तिची नजर त्याच्यावरून हलली नव्हती, आणि तिनं पुन्हा, जवळजवळ ओठातल्या ओठात, विचारलं, “आन?”

त्यानं मान वर केली आणि सगळ्या अंगणाला, रस्त्याला, भाऱ्याखालच्या त्या दोन अनोळखी बायांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं—

“त्याचा कागद आलता माझ्याकडं! ती माहेरी आल्यावर दोन महिन्यात आलता! म्या लपिवला! नऊ वर्षं मला म्हाईत व्हतं!”